सेंद्रिय व नैसर्गिक लेबले (परभणी जिल्हा)

वेष्टनावरील ‘सेंद्रिय’, ‘जैविक’, ‘नैसर्गिक’ या दाव्यांचा कायदेशीर अर्थ आणि परभणीच्या शेतीशी त्यांचा संबंध.

‘सेंद्रिय’ वा ‘जैविक’ म्हणून विकले जाणारे अन्न २०१७ च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम (२००१) किंवा सहभाग हमी पद्धती (पीजीएस-इंडिया) यांपैकी एकाखाली प्रमाणित असावे लागते. पहिल्यात मान्यताप्राप्त संस्था तपासते. दुसऱ्यात गटातील शेतकरीच एकमेकांच्या रानाची पाहणी करतात. त्या विनियमांनी ‘जैविक भारत’ हे दोन्हींचे समाईक चिन्ह ठरवले होते. छोट्या शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकलेल्या मालास प्रमाणपत्राची सक्ती नाही.

रूपांतरकाळ : लेबलाचे खरे मोल येथे ठरते. राष्ट्रीय कार्यक्रमात हंगामी पिकांना पेरणीपूर्वी किमान दोन वर्षे, फळबागांना पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे रासायनिक खते व कीटकनाशके वर्ज्य असतात. पीजीएसमध्ये या काळातील मालाला ‘ग्रीन’ ही वेगळी खूण मिळते. तिला पूर्ण सेंद्रिय समजू नये. बांधापलीकडची फवारणी रानात येऊ नये म्हणून मधला पट्टाही राखावा लागतो. सर्वांत कठीण पीक कपाशी. जनुकीय बदल केलेले बियाणे वर्ज्य आहे आणि २००२ नंतर बीटी वाणांनी मराठवाडा व्यापला. त्यामुळे परभणीच्या मेहबूब बाग कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेल्या पीए २५५ (परभणी तुराब) यांसारख्या देशी वाणांना या संदर्भात विशेष महत्त्व आहे. केंद्र ज्याच्या अखत्यारीत येते त्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) ‘बायोमिक्स’ हे उपयुक्त जिवाणू व बुरशींचे मिश्रण शेतकऱ्यांत परिचित आहे. मात्र अशी निविष्ठा वापरली एवढ्याने माल सेंद्रिय ठरत नाही.

नैसर्गिक : २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनुसार हा शब्द नैसर्गिक स्रोतातून मिळालेल्या, काहीही न मिसळलेल्या, फक्त खाण्यायोग्य करण्यापुरत्या प्रक्रियेच्या पदार्थाला लागतो. रानात काय फवारले, याबद्दल तो काहीच सांगत नाही. सुभाष पाळेकरप्रणीत नैसर्गिक शेती हा निराळा विषय असून तिच्या व सेंद्रिय शेतीच्या सीमारेषेबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

भौगोलिक मानांकन : १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये मिळाले. ते मूळस्थान सांगते. सेंद्रियतेची हमी देत नाही.

साबण, सौंदर्यप्रसाधने : वरील अन्नविनियम लागू नाहीत.