हुबेहूबपणाची मजुरी

हिंजवडीपासून देहू काही लांब नाही. त्या देहूच्या तुकोबांना गरुडविमानात बसवून वैकुंठाला पाठविण्याचे काम १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘संत तुकाराम’ या बोलपटात केले. विमान कारागिरांनी रचलेले, म्हणजे खोटेच. पण त्याच्यावर पडलेला उजेड खरा होता, आणि कॅमेऱ्याने टिपला तो उजेडच. संगणकावर चित्र काढणाऱ्याला ही सवलत नाही. त्याच्यापाशी वस्तू नाही, दिवा नाही. उजेडसुद्धा त्याला आकडेमोडीने आणावा लागतो. संगणकाच्या चित्राने छायाचित्राशी बरोबरी करण्याचा सारा इतिहास म्हणजे या उजेडाच्या हिशेबाचा इतिहास होय.

दिव्यातून निघणारे अगणित किरण मोजीत बसण्यापेक्षा डोळ्यापासून उलट मागे जावे, ही युक्ती आधीच ठाऊक होती. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये तिला आरसा आणि काच शिकविली. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी साऱ्या उजेडाचे एकच समीकरण मांडले : एखाद्या जागेवरून निघणारा उजेड म्हणजे तिचा स्वतःचा उजेड आणि चहूकडून येऊन परतणारा उजेड, यांची बेरीज. आता चहूकडून येणारा उजेडही असाच आणखी कोठून तरी आलेला. म्हणून हिशेब संपतच नाही. सावकाराची वहीच म्हणा ना! एवढे होऊनही माणसाची कातडी मेणाच्या बाहुलीसारखी दिसे. कारण उजेड कातडीवरून नुसता परतत नाही; तो आत शिरतो, पसरतो आणि भलतीकडूनच बाहेर पडतो. रात्री विजेरीवर तळहात धरून पाहा, बोटांच्या कडा लाल दिसतील. हेन्रिक वान येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याचाही हिशेब सोपा करून दिला.

पण समीकरणातून वाघ जन्मत नाही. २०१२ च्या ‘लाइफ ऑफ पाय’ मधला वाघ बहुतेक दृश्यांत संगणकावरचाच होता. त्याचे केस, त्याची ओली कातडी, तिच्याखाली हलणारे स्नायू, हे सारे माणसांनी रात्री जागून जुळविले. ते काम कॅलिफोर्नियातील रिदम अँड ह्यूज या कंपनीचे; तिच्या शाखा मुंबईला आणि हैदराबादलाही होत्या. या धंद्यात काम उक्ते घेतात. दिग्दर्शकाने दहादा बदल सांगितले तरी रक्कम तीच. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, शेकडो माणसे घरी बसली, आणि त्याच महिन्यात वाघाला ऑस्कर मिळाले. बाहेर रस्त्यावर कारागीर निदर्शने करीत होते. आत आभाराचे भाषण कंपनीच्या संकटापाशी आले, तोच वाद्ये वाजवून ते तोडण्यात आले.

आपल्या हिंजवडीत मोटारीचा पत्रा कापण्यापूर्वी तिचे रूप पडद्यावर दाखविणाऱ्या आज्ञावल्यांवर काम चालते. तेथल्या फाटकाशी पत्रक पुढे केले की तरुण अभियंता हसून म्हणतो, “काका, आम्ही कामगार नाही.” १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत ‘तांत्रिक’ काम १९५६ च्या दुरुस्तीने आले, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो शब्द कायम आहे. हॉलीवुडात वाघ घडविणाऱ्यांच्या पाठीशी संघटना नव्हती. तेथेच सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हल स्टुडिओच्या असल्याच कारागिरांनी संघटनेसाठी मतदान केले. पडलेले प्रत्येक मत संघटनेच्या बाजूचे निघाले.