बाइकचा चिमटा आणि शॉकअप घरीच कसे रंगवायचे? कमी खर्चातली पूर्ण माहिती

टाकी चकाचक, हेडलाइट चकाचक, पण मागे वाकून पाहिलं तर चिमट्यावर गंजाचे पापुद्रे आणि शॉकअपचा स्प्रिंग तपकिरी. पाच-सहा पावसाळे रस्त्यावर काढलेल्या बहुतेक बाइकची हीच गत असते. कोकणात किंवा मुंबईत खाऱ्या हवेमुळे तर तीनच पावसाळ्यांत ही वेळ येते. गॅरेजवाला म्हणतो "पावडर कोटिंग करून घे", आणि त्याचा आकडा ऐकून आपण गप्प बसतो.

हे काम घरी होतं. हत्यारं साधी लागतात, खर्च साधारण हजार रुपयांच्या आसपास येतो आणि एक शनिवार-रविवार जातो. मात्र सस्पेन्शन म्हणजे टाकी नव्हे. टाकीवर रंग बिघडला तर बाइक वाईट दिसते, इथे चुकीच्या जागी रंग लागला तर ऑइल गळतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुटत आलेला भाग नव्यासारखा दिसायला लागतो. म्हणून आधी काय रंगवायचं नाही ते बघू.

कुठे रंग चालतो, कुठे नाही

चिमटा म्हणजे मागचं चाक धरून ठेवणारा स्विंगआर्म. साध्या बाइकवर तो लोखंडी असतो, पोकळ पाइपचा किंवा चौकोनी पेटीसारखा. तो बिनधास्त रंगवा. मागच्या शॉकअपचा स्प्रिंग आणि त्याची बाहेरची बॉडी रंगवता येते. डबल स्टँड, साइड स्टँड, फूटरेस्टचे ब्रॅकेटही याच कामात उरकून घ्या.

पुढच्या शॉकअपची वरची चकचकीत नळी आणि मागच्या शॉकअपमधला चकचकीत रॉड यांना मात्र हात लावायचा नाही. त्यांवर हार्ड क्रोम असतं आणि ऑइल सील त्यावरून दिवसभर वर-खाली घासत असतं. तिथे रंगाचा एक थेंब वाळला किंवा पॉलिश पेपरचा एक ओरखडा गेला, की सील फाटतं आणि ऑइल गळायला लागतं. पुढच्या शॉकअपचं ऑइल डिस्क ब्रेकवर उतरलं तर ब्रेक लागतच नाही. म्हणून क्रोम दिसलं की आधी टेप.

पुढच्या शॉकअपची खालची जाड नळी ॲल्युमिनियमची असते. ती रंगवता येते, पण तिला हार्डवेअरच्या दुकानातलं लाल रेड ऑक्साइड लावू नका. ॲल्युमिनियमला एच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर लागतो, नाहीतर वर्षभरात रंग पापडासारखा सुटतो.

रबरी बुश, ग्रीस निपल, बोल्टचे आटे, ब्रेकची डिस्क आणि जिथे दोन भाग एकमेकांवर घट्ट बसतात त्या जागाही कोऱ्याच ठेवायच्या. नटाखाली रंगाचा जाड थर राहिला तर तो हळूहळू दबतो आणि कसलेला नट सैल होतो.

रंगाआधी तपासणी: ही पायरी गाळू नका

माझ्या मते या सगळ्या कामाचा खरा फायदा इथेच आहे. चिमटा धुऊन-घासून स्वच्छ करता, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही तो नीट बघता.

चौकोनी चिमटा आतूनही गंजतो, कारण पाणी आत जातं आणि चिखलाने खालची भोकं बुजलेली असतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चिमट्याच्या खालच्या बाजूने टकटक करत जा. चांगलं लोखंड खणखणतं. जिथे आवाज बद्द येतो, तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबा. पत्रा दबला किंवा टोक आत गेलं तर रंगाचा डबा बाजूला ठेवा. तो चिमटा बदलायचा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वेल्डिंगच्या कडा. शॉकअप जिथे चिमट्याला बसतो आणि पिव्हट बोल्ट जिथून जातो, तिथे केसाएवढी भेग पडू शकते. गंजाची एकच सरळ, बारीक रेघ वेल्डिंगला लागून दिसली तर संशय घ्या. फोनचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका मारा आणि झूम करून फोटो काढा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी भेग तिरक्या उजेडात सावली टाकते.

यावर एक जुनी युक्ती आहे. रेल्वेच्या कारखान्यांत इंजिनाचे आस याच पद्धतीने तपासत असत. स्वच्छ भागावर डिझेल किंवा पेनिट्रेटिंग ऑइल लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग फडक्याने अगदी कोरडं पुसा. आता त्यावर पांढऱ्या खडूची पूड चोळा आणि दहा मिनिटं थांबा. भेग असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळसर ओली रेघ उमटते. फार बारीक भेगा यात सुटू शकतात, त्यामुळे शंका राहिलीच तर वेल्डरला किंवा मेकॅनिकला दाखवा. रेघ उमटली तर रंगवायचं नाही, आणि वरून लांबी भरून झाकायचं तर अजिबातच नाही. सेकंडहँड बाइक घेताना फक्त चिमट्यावर ताजा काळा रंग दिसला, तर मी आधी तिथेच वाकून बघतो.

सामान

पॉलिश पेपर ८०, २२० आणि ४०० नंबरचे प्रत्येकी दोन, वायर ब्रश, थिनर, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, प्राइमर आणि रंग. रंग कोणता, यावर दुकानदार तुम्हाला सगळ्यात चमकणारा स्प्रे दाखवेल. तो बहुतेक वेळा साधा ॲक्रिलिक असतो, पेट्रोल किंवा चेन क्लीनर सांडलं की मऊ पडतो. चिमट्यासाठी काळा चॅसिस पेंट किंवा चांगला सिंथेटिक इनॅमल घ्या, ब्रशने लावला तरी चालेल. चिमटा जमिनीपासून फूटभर उंचीवर असतो, ब्रशच्या रेषा कुणी मोजायला येत नाही.

एक सावधगिरी: खाली रेड ऑक्साइड किंवा इनॅमल आणि वर झटपट वाळणारा लॅकर स्प्रे, अशी जोडी करू नका. लॅकरमधलं थिनर खालचा थर उचलतं आणि सगळीकडे सुरकुत्या पडतात. प्राइमर आणि रंग एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे घ्या, आणि आधी एखाद्या पत्र्याच्या तुकड्यावर लावून बघा.

पैसे वाचवायचे तर टेप, ब्रश, वर्तमानपत्र यांत वाचवा. मास्कमध्ये वाचवू नका. कोविडच्या वेळचा एन-९५ मास्क धूळ अडवतो, पण थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते. त्यासाठी कार्ट्रिजवाला ऑरगॅनिक व्हेपर मास्क हवा. आणि दोन भाग मिसळून वापरायचा टू-के क्लिअर घरी मारू नका. त्यात आयसोसायनेट असतात आणि त्यामुळे कायमचा दमा लागू शकतो.

स्प्रेच्या डब्यात बऱ्याचदा एलपीजीसारखाच ज्वलनशील गॅस भरलेला असतो. बंद खोलीत फवारलं आणि शेजारी देवघरात समई लागलेली असेल, तर पुढचं सांगायला नको. गच्ची किंवा अंगणच बरं.

दिवस निवडा, त्यासाठी फोन उघडा

मी पहिला चिमटा जुलैमध्ये रंगवला होता, पाऊस उघडला होता म्हणून. संध्याकाळपर्यंत काळा रंग दुधाळ झाला. दोष रंगाचा नव्हता, हवेचा होता. थिनर उडताना लोखंड थंड होतं, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगात अडकतं.

औद्योगिक रंगकामात यासाठी एक साधा नियम वापरतात: हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी हवी आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते. फोनमधल्या बऱ्याच हवामान ॲपमध्ये आर्द्रतेच्या शेजारीच ड्यू पॉइंट लिहिलेला असतो. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे फरक जेमतेम तीन. त्या दिवशी रंग नको. २५ अंश आणि ४५ टक्के असेल तर दवबिंदू १२ च्या जवळपास, मग बिनधास्त सुरू करा. मे महिन्यात भर दुपारी मात्र उन्हात तापलेल्या लोखंडावर फवारू नका. रंग पोहोचण्याआधीच वाळतो आणि खरखरीत बसतो.

घासणं

सुटं करण्याआधी फोटो काढा. चेन ॲडजस्टरच्या खुणा किती नंबरवर आहेत, कोणता वॉशर कुठे आहे, ब्रेकचा रॉड कुठून जातो, सगळं. बाइक डबल स्टँडवर सपाट जागी घ्या. मागचं चाक काढलं की तोल पुढे जातो, म्हणून पुढचा ब्रेक रबर बँडने दाबून ठेवा. पूर्ण चिमटा काढायचा तर पिव्हट बोल्ट काढावा लागतो. पहिल्यांदाच करत असाल तर फक्त चाक आणि चेन कव्हर काढून जागेवरच रंगवा.

आधी डिझेलने चेनचं काळं ग्रीस काढा, मग साबण, मग साधं पाणी. पेट्रोल नको. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुवावं, कारण गंजाच्या खड्ड्यांत मीठ राहिलं तर रंगाखाली फोड येतात. कोरडं झालं की वायर ब्रश आणि ८० नंबरने सुटा गंज काढा, मग २२० ने जुन्या रंगाच्या कडा इतक्या घासा की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे तो खरवडून काढायची गरज नाही, ४०० ने नुसती चमक मारा. जुना रंग घासताना पेपर ओला ठेवा म्हणजे धूळ उडत नाही. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना, गाडीच्या रंगाला नाही.

शेवटी थिनरने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी पुन्हा तांबूस दिसेल, म्हणून प्राइमर त्याच दिवशी.

प्राइमर आणि रंग

डबा दोन मिनिटं नीट हलवा. साधारण वीस-पंचवीस सेंटीमीटर अंतर ठेवा, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. आधी कडा आणि वेल्डिंगचे कोपरे, मग सपाट भाग. तीन पातळ हात द्या, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. एकच जाड हात दिला तर ओघळ येतो आणि आतून आठवडाभर ओला राहतो. बोटाला लागत नाही म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. इनॅमलला पूर्ण कडक व्हायला आठवडा सहज लागतो. तोवर प्रेशर वॉशर आणि चेन क्लीनर लांब ठेवा. चिमट्याखालची पाणी निघायची भोकं रंगाने बुजली असतील तर काडीने मोकळी करा.

शॉकअपचा स्प्रिंग

इथे तीन चुका जिवावर बेतू शकतात. पहिली, स्प्रिंग शॉकअपवरून काढायचा प्रयत्न करू नका. तो दाबून बसवलेला असतो, स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर गोळीसारखा उडतो. दुसरी, रंग लवकर वाळावा म्हणून शॉकअप ओव्हनमध्ये किंवा हीट गनखाली धरू नका. आत ऑइल असतं, आणि पल्सरच्या नायट्रॉक्ससारख्या शॉकअपमध्ये दाबाखाली गॅसही असतो. पावडर कोटिंग १८०-२०० अंशांवर भाजतात, त्यामुळे एमआयडीसीत देताना अख्खा शॉकअप न देता मेकॅनिककडून सुटा करून घेतलेला स्प्रिंगच द्या.

तिसरी चूक व्हिडिओंमध्ये सर्रास दिसते: गंज घालवायला स्प्रिंग ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणं. स्प्रिंगचं पोलाद फार कडक असतं. ॲसिडची लोखंडाशी क्रिया होताना हायड्रोजन सुटतो, तो पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. वरून लखलखीत दिसणारा स्प्रिंग मग खड्ड्यात कधीतरी काडकन तुटतो. स्प्रिंगला फक्त पॉलिश पेपर.

जागेवर ठेवूनच वळणांमधून पेपरच्या पट्ट्या ओढून घासा. आतला रॉड वर्तमानपत्राने गुंडाळून टेप लावा. रंग पातळच हवा. स्प्रिंग सतत दबतो, त्यामुळे जाड थराला तडे जातात.

परत जोडताना

काढून ठेवलेले फोटो समोर ठेवा. ॲडजस्टर दोन्ही बाजूंना सारख्याच खुणेवर घ्या. एक्सलची स्प्लिट पिन जुनी वाकडी घालू नका, नवी घाला. ती दहा रुपयांची वस्तू आहे.

ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटला चिमट्याशी बांधणारा टॉर्क रॉड आणि त्याची पिन दोनदा तपासा. हा रॉड सुटा राहिला तर ब्रेक मारताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. एक्सलचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर कसायचा. टॉर्क रेंच नसेल तर बाइक हळू चालवत गॅरेजपर्यंत न्या आणि तेवढं कसून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. दोन-तीन दिवस चालवल्यावर सगळे नट पुन्हा एकदा पाना लावून बघा. उरलेला रंग छोट्या बाटलीत भरून ठेवा, चिमट्यावर दगडाचे टवके पहिल्याच महिन्यात पडतात.