रेल्वेच्या पैशांवर धावलेली शर्यत

मे १८६३ मध्ये पॅरिसच्या लाँगशाँ मैदानावर ‘ग्राँ प्री द पारी’ पहिल्यांदा धावली. घोडे तीन वर्षांचे, अंतर ३००० मीटर, बक्षीस एक लाख फ्रँक. त्यातले निम्मे पॅरिस शहराने दिले, हे समजू शकतं. उरलेले निम्मे मात्र पाच मोठ्या रेल्वे कंपन्यांनी दिले! ही नोंद वाचल्यापासून मला दुसरं काही सुचेना. घोड्यांची सद्दी ज्यांनी संपवली, त्यांनीच घोड्यांवर पैसा का लावावा?

रूढ उत्तर असं, की घोड्यांची पैदास सुधारावी म्हणून. पण ते काम शाँतियीची ‘प्री द्यु झॉकी-क्लब’ १८३६ पासून करतच होती, आणि तिच्यात परदेशी घोड्यांना मज्जाव होता. नवी शर्यत त्यांना मुद्दाम खुली ठेवली. दुसरं उत्तर साम्राज्याच्या डामडौलाचं. पण नुसत्या डामडौलाला सरकारी तिजोरी पुरली असती.

माझं बोट जातं ते शर्यतीमागच्या माणसाकडे, ड्यूक द मोर्नीकडे. नेपोलियन तिसऱ्याचा हा सावत्र भाऊ रेल्वेच्या धंद्यातला मुरलेला गडी. १८५३ मध्ये त्याने ‘ग्राँ सांत्राल’ कंपनी उभी केली. १८५७ मध्ये ती मोडली आणि तिचे मार्ग पारी-ऑर्लेआँ व पारी-लियाँ-मेदितेरानी या कंपन्यांनी वाटून घेतले. पुढे त्याने समुद्रकाठी दोव्हिल वसवलं. तिथे १८६३ मध्ये आगगाडी पोचली आणि पाठोपाठ १८६४ मध्ये रेसकोर्स उभं राहिलं. आधी रूळ, मग घोडे, मग गर्दी, असा हा हिशोब.

तोच हिशोब लाँगशाँला लावून पाहा. इंग्रज घोडा आला की त्याच्यामागे इंग्रज शौकीन येणार, आणि बंदरापासून पॅरिसपर्यंतचं तिकीट काढणार. शर्यत रविवारी ठेवल्यामुळे इंग्लंडमधल्या धर्मनिष्ठांनी नाकं मुरडली. माझ्या मते हाही पुरावाच आहे, कारण सुट्टीच्या दिवशीच गाड्या भरतात.

पहिल्याच वर्षी इंग्रज ‘रेंजर’ जिंकला. त्या मोसमातल्या दोन्ही मोठ्या फ्रेंच शर्यती मारलेली ‘ला तूक’ ही घोडी त्याच्या मागे राहिली. १८६५ मध्ये ‘ग्लादियातर’ने इंग्लिश डर्बीपाठोपाठ ही शर्यतही जिंकून उट्टं काढलं, पण त्याआधीच मोर्नी वारला होता.

१९८७ मध्ये अंतर २००० मीटर झालं, २००५ मध्ये २४००. या शर्यतीच्या जनकांत मोर्नीचं नाव हमखास येतं. त्या पाच कंपन्यांचंही यायला हवं.