डाव्या पायाची सुट्टी

चाळिशीत मी गाडी शिकायला बसले. परळीच्या रस्त्यावर मागे राखेचे टिप्पर हॉर्न वाजवायचे, चढावर क्लच सुटला की गाडी बंद, अन् माझे हात थरथर. शेवटी ऑटोमॅटिक घेतली. भाईजान हसले, “ही काय ड्रायव्हिंग?”

भाईजान, अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९४०च्या मॉडेलमध्येच क्लचचं पेडल काढून टाकलं होतं! आपल्याकडे ही सोय स्वस्तात आली ती २०१४ला, मारुतीच्या सेलेरिओत. तिच्यात क्लच असतोच. तो दाबायचं काम तेवढं यंत्र करतं.

परवा अम्मीला घेऊन अंबाजोगाईला निघाले. चढावर टिप्पर आडवा आला. ब्रेक दाबला. गाडी बंद पडली नाही. अम्मीची तस्बीह मात्र अंबाजोगाईपर्यंत थांबली नाही.