मुक्कामी गाडी गेली आणि दारात मोटारसायकल आली

गाड्या कमी वापरा, पेट्रोल वाचवा, प्रदूषण टाळा, असं सांगणारे कार्यक्रम आपल्याकडे अधूनमधून होतात. मंडपाबाहेर पन्नासेक मोटारसायकली आणि दहा-बारा चारचाक्या लागलेल्या असतात. मी त्यावर हसत नाही. आलेल्यांपैकी निम्म्या लोकांना दुसऱ्या कशाने येता आलंच नसतं. चाळीस वर्षांपूर्वी मात्र आलं असतं. स्वतःची गाडी न बाळगता सगळी कामं उरकणं ही काही युरोपातून आलेली कल्पना नाही, आपल्या दोन पिढ्या तशाच जगल्या. म्हणून आज थोडा इतिहास.

स्वातंत्र्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी चालायच्या. 1939 चा मोटार वाहन कायदा येईपर्यंत त्यांना फारसं कुणी विचारणारं नव्हतं. माणसं भरली की गाडी सुटणार, नाही भरली तर बसा वाट बघत. भाडं मालक सांगेल ते. महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा कोळशाच्या गॅसवरही मोटारी चालवल्या गेल्या. जुन्या माणसांकडून त्या ‘कोळशाच्या गाडी’चे किस्से काहींनी ऐकले असतील.

1948 साली बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने हा धंदा सरकारी हातात घ्यायला सुरुवात केली. 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली एसटी निघाली. बेडफोर्डची गाडी, बॉडी लाकडी, सीटला काथ्या. आरामाच्या नावाने बोंबच. पुढे केंद्राच्या 1950 च्या कायद्याखाली महामंडळ झालं आणि 1960 नंतर ते महाराष्ट्राचं झालं.

माझ्या मते यातली खरी क्रांती गाडीची नव्हती, वेळापत्रकाची होती. सकाळी सातची गाडी चार माणसं असली तरी सातलाच सुटणार. आणि ती परवडायची कशी? तर पुणे-मुंबईसारख्या भरून वाहणाऱ्या मार्गांची कमाई वाडीवस्तीच्या तोट्यातल्या फेऱ्यांना पुरवायची. हे साधं गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या वेळापत्रकावर अख्खा तालुका चालायचा. संध्याकाळची शेवटची गाडी गावात मुक्कामी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपायचे, कुणीतरी भाकरी द्यायचं, आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, कोर्टाची तारीख असलेले आणि कॉलेजची पोरं घेऊन निघायची. शहरात खोली करून शिकणाऱ्या पोरांचे डबे त्याच गाडीने. कापडी पिशवीला चिठ्ठी बांधलेली, आईने कंडक्टरच्या हातात दिलेली. पोरगं स्टँडवर उभं. डबा उतरला नाही की त्या दिवशी वडापाव. वर्तमानपत्राचे गठ्ठे पहाटेच्या गाडीवर. आणि आमच्या धंद्यातलं सांगायचं तर तालुक्याच्या वार्ताहराचं बातम्यांचं पाकीटसुद्धा एसटीनेच जिल्ह्याला जायचं. मी या क्षेत्रात आलो तेव्हा फॅक्स होता, पण फोटो पाठवायचा तर दुपारची गाडी गाठावी लागायची. गाडी चुकली की बातमी शिळी.

मग हे मोडलं कसं? ‘लोकांना ऐट आली’ हे सोपं उत्तर आहे, मला ते अर्धवट वाटतं. 1972 ला लुना आली. स्कूटरसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसायला लागायचं. 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली आणि कमी पेट्रोलात लांब जाणारी गाडी दिसली. नंतर कर्ज सोपं झालं. हे सगळं खरं. पण त्याच काळात आपल्या रस्त्यांवर वडाप सुरू झालं. जीप, ट्रॅक्स, मराठवाड्यात काळी-पिवळी. वडापवाल्यालाही पोट आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण तो चालणार गर्दीच्या वेळी, गर्दीच्या रस्त्यावर. दुपारी दोनला डोंगरातल्या वाडीला तो जाणार नाही. म्हणजे एसटीचा भरणारा मार्ग अर्धा गेला आणि तोट्याची फेरी तेवढी गळ्यात राहिली. वरचं गणित तिथे फसलं. फेऱ्या कमी झाल्या, म्हणून लोकांनी मोटारसायकली घेतल्या. मोटारसायकली आल्या, म्हणून गाड्या रिकाम्या धावू लागल्या. रिकाम्या धावतात, म्हणून आणखी फेऱ्या बंद. यातलं आधी काय आणि नंतर काय, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

त्यात सरकारची गंमत बघा. 1958 च्या कायद्याने तिकिटावर प्रवासी कर लागला. तो वाढत साडेसतरा टक्क्यांवर गेला. शिवाय टोल. चारचाकीवाला नोंदणीच्या वेळी एकदा टॅक्स भरून मोकळा होतो. एसटीने बाजाराला जाणारी म्हातारी मात्र वर्षानुवर्षं प्रत्येक फेरीला कर भरत आली. गाडी घेऊ नका असं सांगणाऱ्या राज्यात ही उलटी गंगा आहे.

2021-22 चा संप पाच महिन्यांहून जास्त चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या मला तेव्हाही रास्त वाटत होत्या. पण त्या काळात ज्या घरांनी नाइलाजाने हप्त्यावर दुचाकी घेतली, ती घरं परत स्टँडवर फारशी आली नाहीत. कोरोनाआधी 18 हजारांच्या आसपास असलेला ताफा नंतर 15 हजारांवर आला.

आता पेट्रोलचा ढोबळ हिशेब. एसटी लिटरला साडेचार किलोमीटर धरा. चाळीस किलोमीटरला नऊ लिटर डिझेल, माणसं चाळीस. हीच चाळीस माणसं डबल सीट वीस मोटारसायकलींवर गेली तर लिटरला पन्नासने सोळा लिटर. एकेकटी गेली तर बत्तीस. चारचाकीचा हिशेब तुम्हीच करा.

पेट्रोलपेक्षा मला दुसरा आकडा जास्त छळतो. 2022 साली देशात रस्ते अपघातात 1 लाख 68 हजारांवर माणसं गेली, त्यातली जवळपास 45 टक्के दुचाकीवरची. ‘दुचाकीस्वार जागीच ठार’ ही ओळ मी इतक्यांदा लिहिली आहे की ती आता हाताला पाठ झाली आहे. त्यातले किती जण पूर्वीच्या काळी सहाच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपले असते?

लोक परत येत नाहीत, असं मात्र म्हणू नका. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला. त्यानंतरची स्टँडवरची गर्दी बघा. माणसं आली, गाड्या तेवढ्या आल्या नाहीत. पहिली इलेक्ट्रिक ‘शिवाई’ 1 जून 2022 ला धावली तीही पुणे-नगर मार्गावरच. चांगलं झालं. पण ती मोठ्या रस्त्याची गाडी. बारावीनंतर पोरीला कॉलेजला पाठवायचं की नाही, हे ज्या घरात पहाटेची गाडी आहे की नाही यावर ठरतं, त्या घराचा प्रश्न फाट्यापासून आत सात किलोमीटरवर आहे.

तर एक काम करू. तुमच्या गावाला मुक्कामी गाडी कोणत्या साली सुरू झाली, किती वाजता यायची, कधी बंद झाली, हे खाली लिहा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना वेळा अजून तोंडपाठ असतात. जुना पास किंवा तिकीट असेल तर फोटो टाका. गावनिहाय यादी झाली की ती घेऊन मी आगारात आणि आमदारांकडे जाणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी तसं कळवा.