शनिवारची दुपार आणि प्रेस्टनचे 22 सामने

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

22 सामने, 18 विजय, 4 बरोबरी. पराभव एकही नाही. केलेले गोल 74, खाल्लेले 15. इंग्लंडमधल्या प्रेस्टन नॉर्थ एंड या फुटबॉल क्लबचा 1888-89 च्या हंगामाचा हा हिशेब आहे. जगातली पहिली फुटबॉल लीग त्याच वर्षी सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात हा संघ एकदाही न हरता अजिंक्य ठरला. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत अशी कामगिरी पुन्हा होण्यासाठी 2004 साल उजाडावे लागले. तेव्हा ती लंडनच्या आर्सेनलने केली, पण त्या 38 सामन्यांत 12 बरोबरीत सुटले होते.

एका कवीला फुटबॉलचे हे आकडे कशाला हवेत, असे तुम्ही म्हणाल. मी मागांच्या गावचा माणूस आहे. आमच्या मालेगावात आठवडाभर यंत्रमागांचा खडखडाट चालतो आणि शुक्रवारी तो थांबतो. तो थांबला की कानाला चुकल्यासारखे होते, आणि मग गाव रस्त्यावर येते. कामाला एक दिवस विसावा मिळाला की माणसे त्या विसाव्याचे काय करतात, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. प्रेस्टनची गोष्ट मला त्या वाटेने सापडली. ती मुळात सुताची, मागाची आणि शनिवारच्या रिकाम्या दुपारची गोष्ट आहे.

प्रेस्टन हे लँकेशायरमधले कापसाचे गाव. सूत कातण्याच्या यंत्राशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो रिचर्ड आर्कराइट 1732 मध्ये इथेच जन्मला. 1791 मध्ये जॉन हॉरॉक्सने इथे गिरणी उभारली आणि पुढच्या दोन पिढ्यांत गावाच्या आकाशात धुराडीच धुराडी झाली. या गावाने भोगलेही पुष्कळ. 1842 च्या संपात लून स्ट्रीटवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, त्यात 4 कामगार मेले. 1853-54 मध्ये मालकांनी गिरण्यांना टाळे ठोकले आणि हजारो कामगार महिनोन् महिने घरी बसले. ती टाळेबंदी पाहायला चार्ल्स डिकन्स स्वतः प्रेस्टनला गेला होता. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला. त्या वर्षांत आपल्या खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच वेळी प्रेस्टनचे विणकर धर्मादाय शिध्याच्या रांगेत उभे होते.

आता शनिवारकडे येतो. 1850 च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबलेच पाहिजे असे ठरले. पुरुषांचे नाव त्या कलमात नव्हते. पण बाया आणि पोरे निघून गेल्यावर गिरणी चालवणार कोण? म्हणून पुरुषही सुटले. भोंगा झाला की मागावरून उठायचे, घरी जाऊन तोंड धुवायचे, दोन घास खायचे, आणि मग समोर मोकळी दुपार. फुटबॉलचा सामना शनिवारी दुपारी का, या प्रश्नाचे मूळ या कलमात आहे. नियम लिहिले पब्लिक स्कुलांतून शिकलेल्या साहेबांच्या मुलांनी. खेळाला गर्दी दिली ती या दुपारने. त्या दुपारीला फार गोंडस रूप देऊ नये, हेही सांगतो. याच लँकेशायरमध्ये 1888 साली दहा वर्षांची मुले अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत असत.

प्रेस्टन नॉर्थ एंड आधी क्रिकेट खेळत असे, मग रग्बी. फुटबॉलकडे क्लब पुरता वळला तो 1880 च्या सुमारास. त्याला वळवणारा माणूस विल्यम सडेल. हा गुडेअर यांच्या कापड गिरणीचा व्यवस्थापक. हौशी सैनिकदलात हुद्दा असल्याने लोक त्याला मेजर म्हणत. स्थानिक पोरांच्या बळावर ब्लॅकबर्नच्या संघांना आपण हरवू शकणार नाही, हे त्याने लवकर ओळखले. मग त्याने स्कॉटलंडकडे पाहिले. तिथे खेळाडू एकमेकांना चेंडू देत पुढे जात. इंग्रज अजून चेंडू पायात घेऊन एकट्याने घुसण्यात पुरुषार्थ मानत होते. सडेलने निक रॉस, त्याचा भाऊ जिमी रॉस, जॉर्ज ड्रमंड, डेव्हिड रसेल असे एकेक स्कॉटिश खेळाडू आणले. त्यांना गावात नोकऱ्या दिल्या. नोकरी गिरणीत, पगार मैदानावरचा.

हे नियमात बसत नव्हते. खेळासाठी पैसे घेणे तेव्हा हलके समजले जाई. 1884 च्या जानेवारीत लंडनच्या अप्टन पार्क संघाने प्रेस्टनविरुद्ध तक्रार केली. इतर क्लब अशा वेळी कानावर हात ठेवत. सडेलने मात्र फुटबॉल असोसिएशनसमोर सांगून टाकले की आम्ही पैसे देतो, आणि इतरही देतात. प्रेस्टनला त्या वर्षीच्या स्पर्धेतून बाहेर काढले. लँकेशायरच्या क्लबांनी मग वेगळी संघटना काढण्याची धमकी दिली, आणि 20 जुलै 1885 रोजी असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली.

मला हा प्रसंग हंगामातल्या कुठल्याही गोलपेक्षा मोठा वाटतो. ज्याच्या घरी वडिलोपार्जित उत्पन्न आहे त्याला हौसेने खेळणे परवडते. ज्याचा शनिवार बुडाला की चूल अडते त्याने फुकट खेळावे, ही अपेक्षा सोयिस्कर असते. कवी मंडळींना हे वेगळे सांगायला नको. मानधनाचा विषय काढला की संयोजकांचा चेहरा कसा होतो ते आम्ही पाहतोच.

सडेलच्या या भरतीत एक नाव वेगळे आहे. आर्थर व्हार्टन. 1865 मध्ये आजच्या घाना देशातल्या आक्रा इथे जन्मलेला हा कृष्णवर्णीय तरुण शिकायला इंग्लंडमध्ये आला. 1886-87 मध्ये तो प्रेस्टनचा गोलरक्षक होता. जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते. अजिंक्य हंगामाच्या आधी तो क्लब सोडून गेला होता, त्यामुळे त्या प्रसिद्ध संघाच्या यादीत तो नाही.

1887 च्या ऑक्टोबरमध्ये प्रेस्टनने हाइड नावाच्या संघाला 26-0 असे हरवले. गर्व चढायला तेवढे पुरे होते. 1888 च्या मार्चमध्ये एफए चषकाचा अंतिम सामना होता, प्रतिस्पर्धी वेस्ट ब्रॉमविच अल्बियन. असे सांगतात की प्रेस्टनच्या खेळाडूंनी सामन्याआधीच चषकासह छायाचित्र काढू देण्याची मागणी केली, आणि पंच मेजर मॅरिंडिन म्हणाले, आधी जिंकून तर दाखवा. किस्सा खरा असो वा रचलेला, निकाल खरा आहे. प्रेस्टन 2-1 असे हरले.

त्याच सुमारास बर्मिंगहॅममध्ये विल्यम मॅकग्रेगर नावाचा स्कॉटिश कापडदुकानदार वैतागला होता. तो अ‍ॅस्टन व्हिला क्लबचा पदाधिकारी. आता क्लबांना खेळाडूंचे पगार द्यावे लागत, आणि ठरलेले सामने तर ऐनवेळी रद्द होत. प्रेक्षक परत जात, गल्ला रिकामा. त्याने सुचवले की ठरावीक क्लबांनी एकमेकांशी ठरलेल्या तारखांना दोनदा खेळावे. 17 एप्रिल 1888 ला मँचेस्टरमध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली. 12 क्लब, 6 लँकेशायरचे, 6 मध्य इंग्लंडचे, लंडनचा एकही नाही. लीगचा खजिनदार नेमला विल्यम सडेल. हे नाव आणि हे पद लक्षात ठेवा.

8 सप्टेंबर 1888 ला पहिले सामने झाले. प्रेस्टनने आपल्या डीपडेल मैदानावर बर्नलीला 5-2 असे हरवले. आजचा प्रेक्षक तिथे गेला असता तर गोंधळला असता. गोलला जाळी नव्हती, पेनल्टी किक नव्हती; दोन्ही गोष्टी 1891 च्या. विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक, हा हिशेबसुद्धा हंगाम सुरू झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ठरला. म्हणजे पोरांनी गल्लीत डाव मांडावा आणि नियम खेळता खेळता ठरवावेत, तसा प्रकार. स्टोकचा संघ ऑक्टोबरमध्ये प्रेस्टनला आला तो दोन खेळाडू कमी घेऊन. प्रेस्टनने आपले दोन राखीव खेळाडू त्यांना उसने दिले आणि मग 7-0 असे हरवले. त्यात जिमी रॉसचे 4 गोल.

पहिले सहा सामने जिंकल्यावर अ‍ॅक्रिंग्टनने त्यांना 0-0 असे रोखले. पण हरवले कोणीच नाही. निक रॉस त्या वर्षी एव्हर्टनला निघून गेला होता, तरी फरक पडला नाही. कारण पुढच्या फळीत जॉन गुडॉल होता. स्कॉटिश आईबापांचा लंडनमध्ये जन्मलेला हा मुलगा इतका सज्जनपणे खेळे की लोक त्याच्या नावाची उलटापालट करून त्याला जॉनी ऑलगुड म्हणत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नॉट्स काउंटीवर विजय मिळाला आणि विजेतेपद निश्चित झाले. शेवटी प्रेस्टनचे 40 गुण, दुसऱ्या अ‍ॅस्टन व्हिलाचे 29.

एफए चषकात तर त्यांनी पाच सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. 30 मार्च 1889 ला लंडनच्या ओव्हल मैदानावर वुल्व्हरहॅम्प्टनला 3-0 असे हरवले. पहिला गोल फ्रेड ड्यूहर्स्टचा, तो शाळामास्तर. गोलमध्ये रॉबर्ट मिल्स-रॉबर्ट्स, वैद्यकातला माणूस. बाकी बहुतेक स्कॉटिश पगारी खेळाडू. एकाच हंगामात लीग आणि चषक दोन्ही जिंकणारा हा पहिला संघ.

याच वर्षांत मुंबईच्या गिरणगावात काय चालले होते? तिथे आठवड्याची सुट्टी नव्हती. सण असला किंवा यंत्रे साफ करायची असली तरच गिरणी थांबे. 1884 मध्ये सत्यशोधक चळवळीतले आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्यांवर हजारो सह्या गोळा केल्या. आता गंमत बघा. मुंबईच्या गिरण्यांवर कडक कायदा लावा म्हणून सरकारच्या मागे लागले होते कोण, तर लँकेशायरचे गिरणीमालक! मुंबईचे सूत त्यांच्या पोटावर येत होते. आणि हा कायदा परकीय मालकांच्या फायद्याचा म्हणून आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्याला विरोध केला. दोन्हीकडच्या शहाण्यांच्या मध्ये कामगार सापडला. लोखंड्यांनी कोणाचीच री ओढली नाही. 24 एप्रिल 1890 ला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, त्यात दोन स्त्रियांनीही भाषणे केली. 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे प्रेस्टनचा विणकर अजिंक्य संघ पाहायला डीपडेलवर गेला त्या हंगामात परळच्या त्याच्या भावाला आठवड्यातून एक दिवसही हक्काचा नव्हता.

प्रेस्टनने पुढच्या वर्षीही लीग जिंकली. मग तीन वर्षे लागोपाठ दुसरा क्रमांक. त्यानंतर लीगचे विजेतेपद त्यांना कधीच मिळाले नाही. मोठ्या शहरांतले क्लब पुढे आले. त्यांच्याकडे प्रेक्षक जास्त, पैसा जास्त. 1893 मध्ये क्लबची कंपनी झाली आणि सडेलची एकहाती सत्ता संपली. 1895 मध्ये त्याला अटक झाली. गिरणीच्या हिशेबवहीत वर्षानुवर्षे खोट्या नोंदी करून त्याने पाच हजार पौंडांहून अधिक रक्कम काढली होती, आणि त्यातला मोठा पैसा खेळाडूंवर, प्रवासावर, मेजवान्यांवर गेला होता. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. आम्ही पैसे देतो, हे त्याने उघडपणे सांगितले होते. ते पैसे कोणाचे, एवढे मात्र सांगितले नव्हते. गिरणीच्या पैशात शेवटी मागावर बसणाऱ्यांचा घाम असतो, हे ध्यानात घेतले की त्या 74 गोलांचा हिशेब वेगळा दिसू लागतो. तरी तो लुटारू होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गावाला त्याने जे दिले ते गावाने शनिवारी दुपारी डोळे भरून पाहिले होते.

प्रेस्टनने 1938 मध्ये पुन्हा एकदा एफए चषक जिंकला. 1946 ते 1960 टॉम फिनी त्यांच्याकडून खेळला, तोही पेशाने प्लंबर. 1961 मध्ये संघ वरच्या श्रेणीतून खाली उतरला आणि त्यानंतरच्या साठ वर्षांत तिथे परत पोचला नाही. गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. उरलेल्या कारखान्यांच्या रात्रपाळीला माणसे मिळेनात तेव्हा भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजमधून कामगार आले. त्यांत भरूच-सुरतेकडचे गुजराती मुसलमान बरेच होते. 1965 मध्ये कोर्टोल्ड्सच्या कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात, पगारात नाममात्र वाढ देऊन जास्त यंत्रे सांभाळायला सांगितले म्हणून याच कामगारांनी संप केला. त्यांची मुले-नातवंडे आज डीपडेलच्या आसपासच्या, गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या विटांच्या चाळवजा घरांतून राहतात. मैदान जिथे होते तिथेच आहे.