काचकागद ते सँडर: धुळीचा इतिहास

१९२६ साली अमेरिकेतील पोर्टर-केबल कंपनीने हाती धरून चालवायचा विजेचा बेल्ट सँडर विक्रीस आणला. जागेवरची घासयंत्रे कारखान्यांत पूर्वीही होती. छोट्या सुताराच्या वाट्याला मात्र काचकागद आणि मनगट. हा सँडर भराभर लाकूड खातो. तो रेषेच्या दिशेने, सतत सरकता ठेवावा लागतो. क्षणभर थांबला की खळगा पडलाच. १९५१ मध्ये जर्मनीच्या फेस्टोने बारीक वर्तुळांत फिरणारा ऑर्बिटल सँडर आणला आणि अखेरचा नाजूक हातही यंत्राकडे गेला.

यंत्राची धूळ मात्र पिठासारखी बारीक. इंग्लंडमधील हाय विकम हे खुर्च्यांचे गाव. तेथील कान-नाक-घसा शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांना फर्निचर कामगारांत नाकाचा एक दुर्मिळ कर्करोग वारंवार आढळू लागला. सहकाऱ्यांसह केलेला त्यांचा अभ्यास १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. (ती धूळ एकट्या सँडरची नव्हे, कारखान्यातील सर्वच यंत्रांची.) १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. म्हणून सँडर घेताना वेगाआधी धूळ ओढणारी नळी जोडता येते का, ते पाहावे. सोबतच्या कापडी पिशवीतून बारीक धूळ निसटते, आणि घातक तीच.